काशीतील घर आणि खरेदीदाराचा वकील

वाराणसीत गंगेच्या घाटांमागे जो जुना, दाट वस्तीचा भाग आहे, त्याला ‘पक्का महाल’ म्हणतात. त्यातील दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या परिसरात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून नांदत आली आहेत. येथील एखादे घर शंभर वर्षांहूनही अधिक काळ एकाच घराण्याकडे असू शकते. तळमजल्यावर भाडेकरू, एका दालनात देवघर आणि वारस मात्र पुणे, नागपूर, इंदूर अशा ठिकाणी विखुरलेले, हे चित्र अपरिचित नाही. असे घर विकत घेऊ पाहणाऱ्या माणसाची जन्माची मिळकत त्या एका व्यवहारात गुंतते. म्हणूनच घराची निवड जितक्या काळजीने करावयाची, तितक्याच काळजीने वकिलाचीही करावी लागते.

नोंदणी म्हणजे मालकीची हमी नव्हे

रॉबर्ट टॉरेन्स याच्या पुढाकाराने दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली जमिनीच्या मालकीचीच सरकारी नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. इंग्लंडमध्येही आज नोंदलेल्या मालकीच्या मागे सरकार उभे असते. भारतात तसे नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधक नोंद करतो ती दस्ताची. दस्त लिहून देणारा तोच माणूस आहे काय, मुद्रांक पुरेसा आहे काय, दस्त मुदतीत सादर झाला आहे काय, हे तो पाहतो. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता काय, याची हमी तो देत नाही. आणि जे स्वतःचे नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, हे या विषयातील मूळ तत्त्व होय. यथाविधी नोंदलेल्या खरेदीखतानंतरही घर हातचे जाऊ शकते, ते याच कारणाने.

घरांच्या खरेदी-विक्रीचे कायदेशीर काम इंग्लंडमध्ये सॉलिसिटर पाहतात. मुंबई व कलकत्ता येथील उच्च न्यायालयांतही पूर्वी ‘अ‍ॅटर्नी’ असा वेगळा वर्ग होता. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातील हा भेद संपुष्टात आला. वाराणसीत हे काम दिवाणी न्यायालयात वकिली करणारी मंडळीच करतात. कचेरीच्या आवारात बसणारा दस्तलेखक खरेदीखत, म्हणजे तिकडील भाषेत ‘बैनामा’, उत्तम लिहून देतो. परंतु मालकीचा तपास हे त्याचे काम नव्हे. या दोन कामांची गल्लत करणे महागात पडते.

वकील कसा निवडावा

पहिली कसोटी स्वातंत्र्याची. विक्रेत्याचा किंवा दलालाचा वकील ‘दोघांचेही काम करतो’ म्हणाला, तरी ते टाळावे. ज्या प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिला, त्यात दुसऱ्या पक्षासाठी उभे राहू नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहतो. खरेदीदाराचे हित त्याच्याकडे सोपविलेले नसते.

दुसरी कसोटी अनुभवाची. फौजदारीत नावाजलेला वकील या कामी उपयोगी पडेलच असे नाही. दिवाणी दाव्यांची आणि जमीन-महसुलाच्या कामाची सवय असलेला हवा. काशीतील जुने दस्त पुष्कळदा उर्दू लिपीत असतात. ते स्वतः वाचणारा, निदान जाणकाराकडून वाचवून घेणारा वकील असावा.

पहिल्याच भेटीत काही गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. शोध किती वर्षांचा घेणार? कोणकोणत्या कचेऱ्यांत? अभिप्राय लेखी देणार काय? शुल्कात मसुदा, नोंदणीच्या वेळची हजेरी आणि नंतरचा फेरफार यांपैकी काय काय येते? या प्रश्नांनी चांगला वकील नाराज होत नाही.

तपासातील काशीचे विशेष

उत्तर प्रदेशात दुय्यम निबंधकाकडून बारा वर्षांच्या नोंदींचा दाखला मिळतो. त्याला ‘बारहसाला’ म्हणतात. तो आवश्यक आहे, पण जुन्या घराला पुरेसा नाही. तीस वर्षे किंवा त्याहून मागे जाऊन घर कोणाकडून कोणाकडे आले, ही साखळी जुळवावी लागते.

त्याहून नाजूक प्रश्न हिंदू कायद्याचा. मिताक्षरेच्या बनारस शाखेनुसार एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतील आपला अविभक्त हिस्सा एखाद्या सहदायादाला इतरांच्या संमतीवाचून विकता येत नाही. मुंबईकडील शाखेत मोबदला घेऊन तो विकता येतो. शिवाय स्थलांतरित कुटुंब आपल्या मूळ प्रांताचा कायदा बरोबर नेते, असे न्यायालये गृहीत धरतात. त्याविरुद्ध पुरावा मात्र देता येतो. तेव्हा विकणारे कुटुंब काशीतील मराठी असेल, तर त्याला कोणती शाखा लागू, हाच प्रश्न उभा राहतो. व्यवहारात यावर सुरक्षित उपाय एकच: सर्व हिस्सेदारांच्या सह्या. २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीही सहदायाद आहेत. सासरी गेलेल्या बहिणीचे नाव वंशावळीतून गळले असेल, तर वकिलाने तेथेच थांबावयास हवे.

चालू दाव्याचेही तसेच. दावा चालू असताना घेतलेली मिळकत निकालाच्या अधीन राहते. मुंबई प्रांतात १९३९ च्या दुरुस्तीने अशा दाव्याची सूचना नोंदविण्याची सोय झाली. उत्तर प्रदेशात ती नाही. म्हणून नोंदणी कचेरीतील शोध स्वच्छ आला, तरी न्यायालयात पक्षकारांच्या नावांनी वेगळा शोध घ्यावा लागतो. घर देवस्थानाचे किंवा धर्मादाय न्यासाचे तर नाही, हेही या नगरीत पाहणे अगत्याचे. गंगेपासून दोनशे मीटरांच्या पट्ट्यातील बांधकामावर कडक निर्बंध आहेत. तेव्हा नवा मजला अधिकृत आहे की नाही, हे विकास प्राधिकरणाच्या मंजुरीवरून ताडून घ्यावे.

खरेदीदाराचा वाटा

वकील कागद वाचतो. घर पाहणे हे खरेदीदाराचेच काम. प्रत्येक खोलीत कोण राहते, कोणत्या नात्याने राहते, भाडे कोणाला देते, हे स्वतः विचारून वकिलाला कळवावे. ज्याचा प्रत्यक्ष कब्जा आहे, त्याच्या हक्काची खरेदीदाराला माहिती होती असेच कायदा मानतो. घर विकल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही. विक्रेत्याने तोंडी दिलेली आश्वासनेही वकिलाला सांगावीत, म्हणजे ती मसुद्यात उतरतात.

वकील गाठावा तो इसार देण्यापूर्वी. पैसे हातचे गेल्यावर मिळालेला सल्ला बहुधा पश्चात्तापापुरता उरतो. उत्तर प्रदेशात विक्रीचा करारही नोंदलेला असावा लागतो, असा दंडक १९७६ च्या राज्य दुरुस्तीने घातला आहे. साध्या कागदावरील पावती तेथे भरवशाची नाही. मुखत्यारपत्रावर ‘विक्री’ करून दिल्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. खरेदीखत सह्यांपूर्वी संपूर्ण वाचून, न समजलेला शब्द विचारून घ्यावा. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीसाठी सादर करावे लागते. त्यानंतर नगर निगमाच्या दप्तरी नाव लावून घ्यावे. तिकडे याला ‘दाखिल-खारिज’ म्हणतात. या नोंदीनेही मालकी सिद्ध होत नाही, कराची जबाबदारी तेवढी ठरते.

इतके सारे करून वकिलाने ‘हे घर घेऊ नये’ असा अभिप्राय दिला, तर त्याचे शुल्क वाया गेले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक त्या शुल्काचा याहून चांगला मोबदला क्वचितच मिळतो.