सहाची गोळी

पहाटे साडेपाच. गजर व्हायच्या आधीच जाग येते. सातारा डेपोत ३१ वर्षं कंडक्टर होतो. पहिली गाडी सुटायच्या आत हजर राहायची सवय अंगात मुरली आहे. आता ड्यूटी घरातच आहे. सहाला हिची पहिली गोळी, मग साडेदहा, तीन आणि साडेसात. हिला पार्किन्सन्स होऊन सात वर्षं झाली. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात, तशी हालचाल मंदावते, अंग ताठरतं. गोळीतल्या लेवोडोपापासून मेंदू ते रसायन बनवतो. पहिली गाडी अर्धा तास उशिरा सुटली की दिवसभराच्या फेऱ्या कोलमडतात, हे मी नोकरीत पाहिलंय. गोळीचंही अगदी तसंच आहे.

सहा. गोळी नुसत्या पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही, चहाही मागाहून. अंमल चढायला आमच्याकडे चाळीसेक मिनिटं लागतात. तोवर ही पडून असते आणि मी शेजारी बसून असतो. या चाळीस मिनिटांत तिला उठवायची घाई करायची नाही, हे शिकायला मला वर्ष लागलं.

सात. ब्लाउजला पाच हुक आहेत. ते लावायला हिला दहा मिनिटं लागतात, कधी पंधरा. आधी मीच पटापट लावून मोकळा व्हायचो. वाटायचं, किती काळजी घेतोय आपण. एके दिवशी तिनं माझा हात बाजूला केला आणि बारीक आवाजात म्हणाली, “अहो, माझं मला करू द्या. नाहीतर उद्या हेही विसरतील हात.” तेव्हापासून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. पाचवा हुक लागला की ती हाक मारते.

साडेआठ. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना उंबरठा लागतो. तिथे तिचे पाय जमिनीला खिळतात. सपाट जमिनीवर नीट चालणारं माणूस दाराशी आलं की थिजतं, हा या आजाराचा नेहमीचा प्रकार आहे. सुरुवातीला मला हे माहीत नव्हतं. “चल की, काय झालं?” म्हणत मी हात ओढला आणि ती तोंडावर पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ती चूक माझी होती.

पुढे फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, ओढू नका, ढकलू नका, बोलून घाईही करू नका. क्षणभर उभं राहू द्या, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग आकडे म्हणा. दाराच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर पावलाच्या अंतरानं लाल चिकटपट्टीच्या रेघा मारायला त्यांनीच लावलं. डोळ्यांसमोर ओलांडायला रेघ असली की पाय उचलला जातो. मी “एक, दोन” म्हणतो, ती रेघ ओलांडते. येणारे-जाणारे विचारतात, हे काय आखलंय घरात? आम्ही सांगतो.

नऊ. भाकरी. या तासाची मी वाट पाहतो. वयाच्या ६४व्या वर्षापर्यंत मी परातीला हात लावला नव्हता. घरात आई होती, मग ही आली, आणि बायकांनी करायचं ते बायकांनी करायचं, यात कधी काही खटकलंच नाही. आता ही गॅसजवळ खुर्ची टाकून बसते आणि सांगते. आवाज इतका खाली गेलाय की नळ बंद करून ऐकावं लागतं. पहिले दोन महिने माझ्या भाकऱ्यांच्या कडा फाटायच्या. मला वाटायचं, हात बसला नाही. ती नुसती पीठ चिमटीत घेऊन म्हणाली, “विरी गेलीय. उकळतं पाणी घाला.” जुनं झालेलं ज्वारीचं पीठ धरत नाही, त्याला उकळतं पाणी लागतं. खरंच, त्या दिवशी भाकरी धड थापली गेली. मग पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी आटायच्या आत उलटायची. हे “आत” म्हणजे नेमकं केव्हा, ते सांगून कळत नाही. ती बोट उचलायची, मी उलटायचो. तिसऱ्या महिन्यात एक भाकरी टम्म फुगली, पापुद्रा सुटला. हिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, या आजारात चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात. ती म्हणाली, “आता दुसरी टाका.”

मी भाकऱ्या करतो तेव्हा तीही एक लहान गोळा मळत बसते. बोटांचा व्यायाम होतो आणि शेवटची भाकरी त्याच गोळ्याची होते.

साडेदहाला दुसरी गोळी. माझे मेहुणे गावाहून खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण घेऊन आले होते. आमच्या डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, त्या बियांत लेवोडोपाच असतं, म्हणूनच आमच्या गोळ्यांबरोबर ते परस्पर घेऊ नका, मात्रेचा हिशेब राहत नाही. डबा कपाटात तसाच आहे.

बाराला जेवण. दुपारी भाकरी, पालेभाजी, वरण अगदी थोडं. प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच वाटेनं शोषली जातात, पोटात दोन्ही एकदम गेली की गोळी मागे पडते. म्हणून कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची उसळ, दही, दूध आमच्याकडे रात्रीच्या जेवणात. सगळ्यांना असं करावं लागतं असं नाही. ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

दुपारी ही झोपते. तीनला गोळी.

चार. वही. ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. फळ्यावरचं तिचं अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यायचं. आता ओळ सुरू होते तेव्हा अक्षर बरं असतं आणि शेवटाला पोचेतो मुंगीएवढं होतं. दुरेघी वही आणली आहे, पहिलीतल्या मुलांची. दोन रेघांना अक्षर टेकवायचं ठरवलं की ते मोठं राहतं. रोज एक पान. पान झालं की तीच लाल पेनानं तपासते, “ळ” नीट आला नसेल तर खाली पाच वेळा लिहिते.

सहा. पुण्याहून नातीचा व्हिडिओ कॉल. नात चौथीत आहे. आवाज मोठा राहावा म्हणून हिला रोज मोठ्यानं म्हणायला सांगितलंय, तर ही पावकी म्हणते. बे पावकी अर्धा, तीन पावकी पाऊण. नातीच्या शाळेत पावकी नाही, पण आजीचं ऐकून तिची पाठ झाली आहे. आवाज पडला की नात ओरडते, “आजी, ऐकू येत नाही!” आणि ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. माझ्या सांगण्यानं एवढा आवाज लागत नाही.

साडेसातला शेवटची गोळी, साडेआठला जेवण. उसळ आज तिनं दोनदा घेतली.

दहा. ती झोपल्यावर मागचं आठवतं. तिला हा आजार आहे हे कळायच्या तीन-चार वर्षं आधी दूध करपून घरभर धूर झाला, तरी तिला वास आला नव्हता. आम्ही सर्दीवर घातलं. झोपेत लाथा मारायची, ते स्वप्नावर घातलं. मग उजवा खांदा आखडला, तेव्हा एका दवाखान्यात खांदा धरलाय म्हणून वर्षभर शेक आणि मालिश चालली. हात थरथरत नव्हता, म्हणून पार्किन्सन्सचं नावही कुणी काढलं नाही. सगळ्यांचा हात थरथरतोच असं नाही.

तुमच्या घरात कुणाला वास येईनासा झाला असेल, चालताना एकच हात हलत नसेल, अक्षर बारीक होत चाललं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. कदाचित काहीच निघणार नाही. पण आमच्यासारखं वर्ष घालवू नका.