मातीच्या धरणाची नाडी



गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावरच्या आजींनी विचारले, “दादा, ह्या धरणाच्या पोटात काय चाललंय, ते कोण बघतं?” मला उत्तर देता आले नाही. दादरला परतल्यावर माहिती घेतली, ती आपल्यापुढे ठेवतो.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. सुमारे २० माणसे गेली. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. मातीचे धरण अनेकदा आतून पोखरले जाते. पाणी बारीक वाट शोधते, मातीचे कण वाहून नेते आणि वाट रुंदावत जाते. वरून मात्र सारे ठीक दिसते. भोक पाडून पाहावे, तर तेवढ्याच जागेची माती कळते. शिवाय भरलेल्या धरणात भोक पाडणे जोखमीचेच.

दादर स्टेशनवर जलद लोकल गेली की फलाट पायांखाली थरथरतो. जमिनीलगत पसरणाऱ्या अशाच लाटांनी धरण तपासता येते. धरणाच्या माथ्यावर कंपने टिपणारी छोटी यंत्रे, बहुधा २४, एका ओळीत रोवतात. ओळीच्या टोकाला धातूची पट्टी ठेवून तिच्यावर घण मारतात. आखूड लाटा वरच्या थरातूनच जातात, लांब लाटा खोलवरची मातीही हलवतात. घट्ट मातीतून लाट वेगाने जाते, भुसभुशीत मातीतून हळू. प्रत्येक लांबीच्या लाटेचा वेग मोजला की कोणत्या खोलीवर माती किती घट्ट आहे, ते गणिताने काढता येते. अमेरिकेतील कॅन्ससच्या संशोधकांनी १९९९ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली.

तिलाही मर्यादा आहेत. खोलवरची लहान पोकळी नजरेतून सुटू शकते. म्हणून संशयाच्या जागी विजेच्या प्रवाहाने ओल तपासतात आणि गरज पडली तरच भोक पाडून खात्री करतात.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी करायला सांगतो. पण १० मीटरपेक्षा कमी उंचीची धरणे त्याच्या कक्षेत येत नाहीत. तिथे पाड्यावरच्या माणसांचे डोळे हेच पहिले यंत्र. खालच्या उतारावर नवी ओल, गढूळ झिरपा किंवा खचलेली माती दिसली, तर तारीख आणि फोटोसह लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि लाटांच्या चाचणीची मागणी करावी. अर्ज लिहिणे आणि त्याचा पाठपुरावा करणे, एवढे आपण शहरात बसूनही करू शकतो. आजींना आता मी हेच उत्तर देणार आहे.