भंगारांतील निळें तेज

किरणोत्सर्गाचा विषय निघाला म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें हिरोशिमा, नाहीं तर १९८६ सालचें चेर्नोबिल उभें राहतें. आम्ही आज जी हकीकत सांगणार आहों तींत बॉम्बहि नाहीं आणि अणुभट्टीहि नाहीं. तींत आहे तें एक टाकून दिलेलें वैद्यकीय यंत्र, एक भंगाराचें दुकान आणि त्या दुकानदाराची शहाणी बायको.

ब्राझीलमधील गोयानिया शहरांत किरणोपचाराचा एक खाजगी दवाखाना होता. तो दुसरीकडे हलविला गेला, तेव्हां कर्करोगावर उपचार करण्याचें एक यंत्र जुन्या जागेंतच राहिलें. पुढें ती इमारत अर्धवट पाडली गेली. १९८७ च्या सप्टेंबरांत, १३ तारखेच्या सुमारास, मोड विकून चार पैसे मिळवावे म्हणून दोन माणसें तींत शिरलीं आणि यंत्राचा जड गाभा ढकलगाडीवर घालून घरीं घेऊन गेलीं. गाभ्यांतील पोलादी डबींत सीझियम-१३७ चा क्षार होता. सारा मिळून सुमारें ९३ ग्रॅम, लहानशा वाटींत मावेल एवढा. जाड कवचांत होता तोंवर याच क्षारानें रोग्यांवर उपचार होत असत. कवच गेलें आणि डबीला पेचकसानें भोंक पडलें.

१८ तारखेस हा माल दुकानदारानें विकत घेतला. रात्रीं त्याला त्यांतून निळें तेज फांकतांना दिसलें. असें अपूर्व रत्न हातीं लागल्यावर कोणास हर्ष होणार नाहीं? शेजारीपाजारी, आप्तेष्ट पाहावयास आले. तांदळाच्या दाण्याएवढे कण प्रसाद वांटावा तसे वांटले गेले. कोणी ती भुकटी अंगास चोळली. दुकानदाराच्या भावानें ती आपल्या घरीं नेली. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीनें ती हाताळली आणि त्याच हातांनीं ती जेवली. या लोकांस अडाणी म्हणून हंसण्याचा अधिकार आम्हांस तरी आहे असें वाटत नाहीं. हातास चटका बसत नाहीं, नाकास वास येत नाहीं; आणि जें डोळ्यांस सुंदर दिसतें त्याची भीति बाळगावी, असें कोणत्या आईनें मुलास शिकविलेलें असतें?

घरोघर वांत्या व जुलाब सुरू झाले. कांहीं रोग्यांविषयीं प्रथम अन्नदोषाचा संशय घेण्यांत आला. दुकानदाराची बायको स्वतः आजारी होती. पण हीं सारीं दुखणीं त्या चकाकत्या भुकटीपासून सुरू झालीं, हें तिनें ताडलें. तोंवर उरलेला माल दुसऱ्या भंगारवाल्याकडे गेला होता. २८ सप्टेंबर रोजीं तिनें तो तेथून परत मिळविला, पिशवींत घातला, आणि दुकानांतील एका गड्यास बरोबर घेऊन बसनें आरोग्यखात्याची कचेरी गांठली. ही वस्तु माझीं माणसें मारीत आहे, असें तिनें तेथील डॉक्टरांस सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं एक पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ उसनें मापकयंत्र घेऊन निघाला. कचेरीपासून दूर असतांनाच कांटा टोंकास गेला. यंत्र बिघडलें असें समजून त्यानें दुसरें आणलें. त्याचीहि तीच गत! तो पोंचला तेव्हां अग्निशामक दलाचे लोक ती पिशवी नदींत फेंकण्याच्या बेतांत होते. त्यानें त्यांस वेळींच थोपविलें.

पुढें सुमारें १,१२,००० लोकांची तपासणी झाली. २४९ जणांच्या अंगावर वा शरीरांत सीझियम आढळलें. शरीरांतील सीझियम बाहेर पडावें म्हणून रोग्यांस जें औषध दिलें तें चित्रकारांच्या पेटींतील प्रशियन ब्लू. हाहि योगायोगानें निळाच. तरीहि चौघे दगावले. ती चिमुरडी आणि तिची ती काकू यांनीं एकाच दिवशीं, २३ ऑक्टोबरला, प्राण सोडले. शिसें लावलेल्या पेट्यांतून त्यांस दफनासाठीं नेलें, तर भयानें बेभान झालेला जमाव दगड घेऊन आडवा आला.

हें सर्व सातासमुद्रापलीकडचें, असें म्हणण्याचीहि सोय नाहीं. २०१० च्या एप्रिलांत दिल्लीच्या मायापुरी येथील मोडीच्या बाजारांत असाच प्रकार घडला. दिल्ली विद्यापीठांतील, १९८५ पासून वापरांत नसलेलें एक उपकरण लिलावांत विकलें गेलें. त्याच्या पोटांत कोबाल्ट-६० होतें. तें फोडलें गेलें आणि एका कामगाराचा जीव गेला.

गोयानियांतील खणलेली माती, पाडलेलीं घरें व घरांतील चीजवस्तु शहराबाहेर आबादिया द गोयास येथें पुरून ठेवलीं आहेत. सीझियमचें तेज निम्मे होण्यास सुमारें तीस वर्षें लागतात. तीं २०१७ सालीं भरलीं. उरलेल्याच्या निम्म्यासाठीं आणखी तितकींच.