ग्रंथालयातील कोडे : एका बालकादंबरीची रचना आणि नंदुरबारचा बालवाचक

प्रास्ताविक

रहस्यकथा आणि साहसकथा यांच्या सीमेवर बालसाहित्याचा एक तिसरा प्रकार उभा आहे. त्यास कोडेप्रधान साहसकादंबरी असे म्हणता येईल. या प्रकारात नायकास गुन्हेगार पकडावयाचा नसतो किंवा हरवलेला खजिनाही शोधावयाचा नसतो. कोणीतरी मुद्दाम रचून ठेवलेली कोडी ठराविक वेळेत सोडवून त्यास पुढचा मार्ग काढावयाचा असतो. वाचकही त्याच्याबरोबरीने कोडे सोडवीत असतो, हे या प्रकाराचे खरे आकर्षण होय. अमेरिकन लेखिका एलन रास्किन यांची 'द वेस्टिंग गेम' (१९७८) ही न्यूबेरी पदक मिळविणारी कादंबरी या परंपरेतील महत्त्वाची कृती मानली जाते. ख्रिस ग्रॅबेनस्टाइन यांची 'एस्केप फ्रॉम मिस्टर लेमनचेलोज लायब्ररी' (२०१३) ही त्याच परंपरेतील अलीकडची कादंबरी असून तिचे घटनास्थळ ग्रंथालय आहे. प्रस्तुत लेखात या कादंबरीतील कोड्याचे स्वरूप स्पष्ट करून, नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील बालवाचकाच्या दृष्टीने त्या रचनेचा विचार केला आहे.

कथानक आणि स्पर्धेचे नियम

ओहायो राज्यातील अलेक्झांड्रियाव्हिल या काल्पनिक गावात बारा वर्षे सार्वजनिक ग्रंथालयच नाही. तेथे खेळांचा सुप्रसिद्ध निर्माता लुइजी लेमनचेलो एक भव्य ग्रंथालय उभारतो. निबंधस्पर्धेतून निवडलेली बारा वर्षांची बारा मुले उद्घाटनापूर्वीची एक रात्र त्या इमारतीत घालवतात. सकाळी त्यांना कळते की, खरी स्पर्धा आता सुरू होत आहे. चोवीस तासांच्या आत बाहेर पडण्याचा गुप्त मार्ग शोधावयाचा, मात्र ज्या दाराने आत आलो त्या दाराने जावयाचे नाही. शोधासाठी साधन एकच, ते म्हणजे ग्रंथालय.

नायक काइल कीली हा पुस्तकवेडा नाही. त्याला खेळांचे वेड आहे. त्याचा प्रतिस्पर्धी चार्ल्स चिल्टिंग्टन हा गोडबोल्या, हुशार आणि दुसऱ्याच्या श्रमांवर जिंकू पाहणारा आहे. काइल मात्र हळूहळू आपला गट जमवतो. त्यात सतत वाचणारी, स्पर्धेत फारसा रस नसलेली सिएरा रसेल ही मुलगीही आहे आणि तिच्या वाचनाचा गटाला मोठा उपयोग होतो. लेखकाने स्पर्धेची चौकट घेऊन सहकार्याची कथा सांगितली आहे. ही युक्ती नवीन नाही, पण येथे ती साधली आहे.

कोड्याचे उत्तर कोठे असते?

या कादंबरीचे वेगळेपण कळण्यासाठी कोड्याच्या उत्तराचे स्थान पाहावे लागते. खानदेशाला कोड्यांची परंपरा अपरिचित नाही. भास्कराचार्यांची 'लीलावती' सुमारे इ. स. ११५० मधील. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आहे. लीलावतीतील एक प्रसिद्ध उदाहरण असे : नऊ हात उंचीच्या स्तंभावर मोर बसला आहे, स्तंभाच्या तळाशी सापाचे बीळ आहे आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत आहे. मोर तिरपा झेपावतो. दोघेही सारखेच अंतर कापतात, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडेल? उत्तर बारा हात. हे उत्तर काढण्यास लागणारी सर्व माहिती कोड्यातच दिलेली आहे. सोडविणाऱ्याने कर्णाचा नियम तेवढा लावावयाचा.

लोकपरंपरेतील कोडे वेगळे असते. आजी नातवंडांना घालते त्या कोड्याचे उत्तर कोड्याच्या शब्दांत नसते. ते घरात, शेतात, चुलीपाशी असते. नांगर, जाते, मोहाचे फूल, कणसाची दाणेदार रांग हे सर्व ज्याने पाहिले आहे त्यालाच ते सुटते. म्हणजे हे कोडे सोडविणारा त्या समाजाचाच असावा लागतो. बाहेरचा विद्वान तेथे हमखास हरतो, आणि मुलांना त्याचाच आनंद होतो.

ग्रॅबेनस्टाइन यांच्या कादंबरीतील कोडे या दोहोंपेक्षा निराळे आहे. त्याचे उत्तर कोड्यात नाही आणि सोडविणाऱ्याच्या अनुभवातही नाही. ते कोणत्या तरी फळीवर, कोणत्या तरी पुस्तकात आहे. ते पाठ असण्याची आवश्यकता नाही. ते कोठे सापडेल हे कळणे आवश्यक आहे. आपल्याकडील शालेय स्पर्धा बहुतांशी स्मरणावर आधारलेल्या असतात. सामान्यज्ञान स्पर्धेत राजधानीचे नाव आठवले तर गुण मिळतो, पुस्तक उघडले तर विद्यार्थी बाद होतो. या कादंबरीत नेमके उलट आहे. येथे पुस्तक उघडल्याशिवाय एक पाऊलही पुढे पडत नाही.

मराठी किशोरसाहित्याशी तुलना केल्यास हा फरक अधिक ठळक होतो. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा फास्टर फेणे हा मराठीतील सर्वांत लाडका किशोरनायक. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि त्याची बुद्धी सायकलवर, रस्त्यावर, धावपळीत चालते. निरीक्षण, धाडस आणि वेग ही त्याची शस्त्रे होत. संदर्भशोध हे शस्त्र मराठी किशोरनायकाच्या हाती क्वचितच दिले गेले. यास लेखकांची उणीव म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या मुलांसाठी ते लिहीत होते, त्यांतील किती मुलांना फळीपर्यंत हात नेण्याची मुभा होती, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

वर्गांक : खेळाचा पट

मेल्विल ड्यूई यांची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली. कादंबरीतील ग्रंथालयात तिच्या दहा मुख्य वर्गांसाठी दहा दालने आहेत आणि वर्गांक हेच मुलांचे नकाशे बनतात. आपल्या अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत हीच पद्धती चालते, तरी पदवीच्या विद्यार्थ्यालाही पुस्तकाच्या पाठीवरील चिठ्ठी वाचता येतेच असे नाही. वस्तुतः तो आकडा उलगडणे हेच एक सोपे कोडे आहे. ८०० म्हणजे साहित्य. ८९१ मध्ये इंडो-युरोपीय कुळातील ज्या भाषांना स्वतंत्र जागा मिळाली नाही त्यांचे साहित्य येते. ८९१.४ म्हणजे आधुनिक भारतीय भाषा, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि ८९१.४६३ म्हणजे मराठी कथा-कादंबरी. इंग्रजी साहित्यास ८२० हा सुटसुटीत अंक आणि मराठीस दशांशचिन्हानंतरची जागा का, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलाने विचारला तर तो वर्गीकरण तर समजलाच, पण त्यामागील एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन दृष्टीही समजला, असे मानावे. कोड्यांनाही याच पद्धतीत स्वतंत्र अंक आहे : लोकसाहित्याच्या ३९८ खाली ३९८.६.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. कोडेप्रधान कादंबरी नेमका वाचकाचा वेळ घालविते. उत्तराकडे जाणारी वाट ती हेतुपुरस्सर लांबवते. तथापि त्या लांबलेल्या वाटेवर मुलाला तालिका कशी पाहावी, सूची कशी वापरावी, एका पुस्तकातून दुसऱ्याकडे कसे जावे हे कळते. पुढे आयुष्यभर त्याचा जो वेळ वाचतो, त्याची ही आगाऊ किंमत होय.

नंदुरबारचे कोडे

अशा प्रकारचे कोडे नंदुरबारमध्ये रचावयाचे तर साहित्य आयते उपलब्ध आहे. 'शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपला जिल्हा कसा होता?' एवढा साधा प्रश्न घ्यावा. विद्यार्थी तालिकेत 'नंदुरबार जिल्हा' शोधील आणि त्याला जुने काहीच सापडणार नाही. कारण हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हे तालुके धुळे जिल्ह्यात होते. धुळे जिल्हा म्हणजे पूर्वीचा पश्चिम खानदेश, आणि पश्चिम खानदेश हा १९०६ मध्ये खानदेशाच्या विभाजनातून निर्माण झाला. म्हणजे शोध घेता घेता विद्यार्थी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश खंडापाशी पोहोचतो. आपल्या जिल्ह्याला चार वेगवेगळ्या नावांनी हाका मारल्यावर तो सापडतो. लेमनचेलोलाही आवडेल असे हे कोडे आहे.

दुसरे उदाहरण प्रकाशे या गावाचे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील हे तीर्थक्षेत्र. म्हणून त्याची माहिती हिंदू धर्माच्या २९४.५ मध्ये सापडेल. येथे १९५०च्या दशकात बा. कृ. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन होऊन ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे अवशेष मिळाले. ती माहिती प्राचीन भारताच्या ९३४ मध्ये. तापीवरील बंधाऱ्याविषयी वाचावयाचे तर अभियांत्रिकीची फळी गाठावी लागेल. गाव एकच, फळ्या तीन. वर्गीकरणाचा हा दोष म्हणावा तर आहेच, परंतु खेळ रचणाऱ्यास तो वरदान आहे.

अर्थात १८८०चे गॅझेटियर इंग्रजीत आहे आणि सातवीतील मुलाला ते वाचता येणार नाही. येथे गटाची गरज निर्माण होते. एकाला इंग्रजी थोडे अधिक येते, दुसऱ्याला नकाशा कळतो, तिसऱ्याच्या आजोबांना सरदार सरोवरात बुडालेल्या गावांची नावे क्रमाने सांगता येतात. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे असून साक्षरतेचे प्रमाण ६४.३८ टक्के होते. पावरी, मावची, भिलीच्या अन्य बोली, अहिराणी, गुजरी अशा घरांतून येणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरातील ते पहिलेच वाचक असतात. त्यांच्या घरात पुस्तक नसले तरी माहिती असते. ती फळीवर आलेली नाही, एवढाच फरक. कादंबरीतील स्पर्धकांना अडचणीच्या वेळी तज्ज्ञाला विचारण्याची सवलत आहे. धडगावच्या मुलासाठी हा तज्ज्ञ घरी बसलेला असू शकतो.

कुलूप कोणत्या बाजूस?

कादंबरीत मुले आत कोंडलेली आहेत आणि त्यांना बाहेर पडावयाचे आहे. आपल्याकडे बहुधा पुस्तके आत कोंडलेली असतात आणि मुले बाहेर असतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्यान्वये प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आवश्यक आहे. तरीही पुस्तक हरवल्यास त्याची भरपाई कोणी करावयाची या भीतीने अनेक ठिकाणी कपाटाची किल्ली कार्यालयात राहते. शिक्षकास दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. डेडस्टॉक रजिस्टरात खुर्ची आणि कथापुस्तक यांची नोंद एकाच न्यायाने होते, तोवर पुस्तक फाटण्यापेक्षा न वाचले जाणे अधिक सुरक्षित ठरते. ग्रंथालयशास्त्रातील मुक्तद्वार पद्धती, म्हणजे वाचकाने स्वतः फळीपाशी जाऊन पुस्तक निवडणे, ही या कादंबरीच्या कथानकाची पूर्वअट आहे. बंद कपाटासमोर हा खेळ सुरूच होऊ शकत नाही.

या संदर्भात बडोदे संस्थानाचे स्मरण होते. नवापूरच्या सीमेपलीकडील सोनगड-व्यारा हा परिसर त्या काळी बडोद्याच्या नवसारी प्रांतात होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे विणले. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यांत जात असत, आणि मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी पुस्तकांबरोबर खेळांचीही सोय होती. खेळ आणि ग्रंथ एका छताखाली आणण्याची कल्पना या भागाच्या शेजारी शंभर वर्षांपूर्वी राबविली गेली होती.

या तुलनेतून कादंबरीची एक मर्यादाही दिसते. अलेक्झांड्रियाव्हिलचे ग्रंथालय ही एका धनिकाची देणगी आहे आणि विजेत्यांचे बक्षीस म्हणजे त्याच्याच खेळांच्या जाहिरातींत झळकण्याची संधी. जे गाव बारा वर्षे ग्रंथालयाविना राहिले त्याच्या नगरपालिकेचे काय, हा प्रश्न लेखक हसत हसत ओलांडून जातो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ पासून आहे. म्हणून येथे ग्रंथालय ही कृपा नसून कायद्याने मान्य केलेली सोय आहे. बालवाचकास ही कादंबरी सांगताना शिक्षकाने एवढी भर अवश्य घालावी.

आणखी एक अडचण स्पर्धेच्या प्रवेशद्वाराशीच आहे. कादंबरीत निवड निबंधाने होते. हीच अट अक्कलकुव्यात लावली तर शाळेच्या प्रमाण मराठीत सफाईने लिहिणारी मुले निवडली जातील आणि पावरीत उत्तम कथा सांगणारी मुलगी पहिल्याच फेरीत बाहेर राहील. तेव्हा महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाने एखाद्या आश्रमशाळेसाठी असा खेळ आखावयाचा झाल्यास निवडफेरी ठेवूच नये. चार-चारांचे गट करावेत, प्रत्येक गटात किमान दोन बोली असाव्यात, आणि पहिली चिठ्ठी कपाटाच्या किल्लीबरोबरच मुलांच्या हाती द्यावी.