हिंगण्याची पावती

दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी आमच्याकडे एक बाई यायच्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात हिंगण्याच्या आश्रमाच्या भाऊबीज निधीचं पावती पुस्तक. आई चहाचं आधण ठेवायची. मग हिंगण्याला यंदा मुली किती आल्या, कोण पास झाली, कुणाला नोकरी लागली, हेच बोलणं अर्धा तास चालायचं. पैशांचा विषय निघायचा तो बाई उठता उठता. आई मागच्या वर्षीची पावती डब्यातून काढायची आणि आकड्यात थोडी भर घालायची.

'भाऊबीज' या शब्दाची निवड मला फार हुशारीची वाटते. दान म्हटलं की देणारा वर चढतो. ओवाळणी मात्र दरवर्षी द्यायचीच असते, आणि ती देताना कुणी उपकाराची भाषा करत नाही.

पण तो शब्द सापडायच्या आधी हिंगण्याच्या या संस्थेने बराच काळ पायपीट केली होती. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, त्यात पहिली भर स्वतःच्या शिलकीची. पुण्यात प्लेग होता, आणि शहरातल्या सनातन्यांचा रागही काही कमी नव्हता. १९०० साली आश्रम हिंगण्याला हलला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले, त्यातून एक झोपडी उभी राहिली. फर्ग्युसनमधले गणिताचे तास संपले की कर्वे, म्हणजे अण्णा, संध्याकाळी चिखल तुडवत तिथे चालत जात. वर्गणी मागायला आलेल्या या माणसाचं येणं-जाणं पुणेकर रोज बघत होते. माझ्या मते कुठल्याही विनंतीपत्रापेक्षा त्याचं वजन जास्त होतं.

मागण्याचं खरं कसब मात्र पार्वतीबाई आठवल्यांचं. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, यांची ही बहीण. स्वतः विधवा, आश्रमातच शिकलेल्या. गावोगावी जाऊन भाषणं करायच्या, झोळी पुढे करायच्या. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी बेताचंच, म्हणून लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले आणि दोन वर्षांनी परतल्या. देणगीसाठी कुणी एवढं करतं का, असं आज वाटेल. पण आश्रमाचा पैसा अशाच माणसांच्या अंगमेहनतीतून आला.

थेंबे थेंबे तळ्याची चव पुण्याला त्याआधीच कळली होती. लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला होता.

मग मोठा आकडा आला. कर्व्यांनीच १९१६ साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाई दामोदर ठाकरसींचं, नाव मिळालं. साडेतीन टक्के व्याजाने वर्षाला ५२,५०० रुपये हाती यायचे होते. झोळीवाल्यांना ते स्वप्नच. पण अशा देणगीला नाव लागतं, अटी लागतात, आणि १९३६ साली विद्यापीठाचं ठाणं मुंबईला गेलं. पुणेकरांना त्याचं वाईट वाटलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. तरी खरं सांगायचं तर, त्या पैशाशिवाय विद्यापीठ टिकलं असतं की नाही याची मला शंका आहे.

अण्णा मात्र मोठी देणगी आली म्हणून घरी बसले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर १९२९ साली ते जगाच्या फेरीला निघाले, त्यानंतर आफ्रिकेतही फिरले. तिथल्या भारतीय लोकांसमोर मांडायला तीच जुनी हकीकत होती: मुली किती आल्या, कोण काय शिकली.

आमच्या बाई एका वर्षी आल्या नाहीत, त्यांच्याऐवजी एक तरुण मुलगी आली. आईने आधी तिला बाईंची तब्येत विचारली, मग चहा टाकला, मग डबा काढला. मुलीने पावतीवर आईचं नाव लिहिलं आणि विचारलं, "मागच्या वर्षीचं किती होतं, काकू?"