साठ की आठ? टेबलावरचा माइक आणि चिठ्ठ्यांचा प्रयोग

"चादरी किती? आठ?"
"नाही, साठ."
"बरोबर, आठ. लिहून घेतलं."

गेल्या दिवाळीत केमला घरी होते तेव्हाचा हा संवाद. ७ मेगाहर्ट्झवर आम्ही काही हौशी रेडिओवाले निरोप पोचवण्याचा सराव करत होतो. चादरी खोट्या, निरोप खोटा, पण चूक खरी. जानेवारी २००१ मध्ये भूजच्या भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी असेच निरोप खरोखर पोचवले होते. तिथे साठाचे आठ झाले असते तर बावन्न माणसं उघड्यावर झोपली असती.

मी काय केलं? जे सगळे करतात तेच. दोष माइकला दिला आणि नवीन टेबल-माइक शोधायला लागले. विद्यार्थी मित्रहो, संशोधनातही हे फार होतं. निकाल बिघडला की आधी उपकरण बदलायची हुक्की येते. म्हणून आज माइकबद्दल लिहिते, पण मुद्दा मोजमापाचा आहे. (रेडिओवरून बोलायचं असेल तर परीक्षा आणि परवाना लागतोच. माइकचे बहुतेक प्रयोग मात्र साध्या रेकॉर्डरवरही करता येतील.)

आधी प्रश्न नीट मांडू. 'चांगला माइक कोणता?' हा प्रश्नच नाही, कारण त्याला उत्तर नाही. 'या रस्त्यावरून माझा कुठला आवाज हरवतो?' याला उत्तर आहे. आपण ज्या एसएसबी पद्धतीने बोलतो त्यात साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढीच पट्टी पुढे जाते. बाकीचं फिल्टर कापून टाकतो. आणि 'स'ची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते! म्हणजे 'साठ'मधला 'स' माझ्या ओठातून निघतो, माइकमध्ये शिरतो आणि रेडिओच्या आतच मरतो. २० ते २०,००० हर्ट्झचा गायनाचा महागडा माइक आणला तरी तो वाचणार नाही. पैसे वाचले की नाही?

तुम्ही म्हणाल, मग आकडे सुटे सुटे सांगा, 'सहा शून्य'. बरोबर, नियम तोच आहे आणि सरावात मी तो मोडला होता. पण 'सात' बोलून बघा. 'स' गेला की उरतं 'आत'. ते 'आठ'च्या किती जवळ आहे! आता फरक फक्त त आणि ठ यांचा. ठ म्हणताना जीभ मागे वळते, त्यामुळे लगतच्या स्वराचा तिसरा अनुनाद खाली ओढला जातो. ही खूण साधारण २००० ते ३००० हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे आपल्या पट्टीच्या अगदी वरच्या काठावर. फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी १९४७ मध्ये इंग्रजी बोलण्याबद्दल दाखवलं होतं की समजण्याच्या दृष्टीने निम्मा वाटा साधारण १९०० हर्ट्झच्या वरचा असतो. भारदस्त, घुमणारा आवाज ऐकायला गोड, पण त्याची ताकद ज्या खालच्या भागात जाते तिथून आकडे कळत नाहीत.

इथून निवडीचा निकष आपोआप मिळतो. माइक २००० ते ३००० हर्ट्झला थोडा उठाव देणारा हवा, खालचं कमी घेणारा हवा आणि एका दिशेने ऐकणारा हवा. डायनॅमिक की इलेक्ट्रेट यावर लोक तावातावाने भांडतात. मला विचाराल तर दोन्ही चालतात. डायनॅमिकमध्ये पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकात हलते. त्याला वीज लागत नाही, पण सिग्नल कमी मिळतो. इलेक्ट्रेट जास्त सिग्नल देतो, पण त्याला थोडा व्होल्टेज पुरवावा लागतो. काही रेडिओ तो माइकच्या पिनवरच देतात, काही देत नाहीत. आणि एक सावधगिरी: वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेडिओंना दिसायला तोच गोल आठ पिनांचा कनेक्टर असतो, आतली जोडणी मात्र वेगळी. बसतो म्हणून लावू नका. दोन्हींच्या माहितीपुस्तिका शेजारी ठेवून एकेक पिन जुळवा.

आता केमची खोली. वर पत्रा, समोर रस्ता, थोड्या अंतरावर रेल्वे. आमचं गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे कारखान्यांच्या मोटारींची घरघर दिवसभर असतेच. माझा माइक टेबलाच्या मागच्या कडेला होता, तोंडापासून साधारण ३० सेंटिमीटर. कमी ऐकू येतंय म्हणून मी माइक गेन वाढवला होता. गेन वाढला की माझ्यासोबत पत्र्याचा घुमारा आणि घरघरही तेवढीच वाढते. अंतर निम्मं केलं तर? आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने वाढतो, खोलीतला गोंगाट मात्र आहे तिथेच राहतो. ३० वरून ७.५ सेंटिमीटर म्हणजे दोनदा निम्मं, १२ डेसिबल. फुकट! कुठलाही नवा माइक एवढा फायदा देणार नाही.

अर्थात फार जवळ गेलं की दोन भानगडी. दिशादर्शी माइक जवळून खालचे सूर फुगवतो, आणि 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा फटका बसतो. त्यावर उपाय म्हणजे माइक तोंडाच्या सरळ समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका ठेवायचा. खाली मी घडी घातलेली गोधडी ठेवली, म्हणजे टेबलाला हात लागला की होणारी धडधड थांबते.

मग गेन. रेडिओची ताकद डमी लोडवर उतरवा, म्हणजे लोकांना त्रास नाही. कॉम्प्रेसर बंद ठेवा. नेहमीच्या आवाजात बोला आणि एएलसीचा काटा फक्त मोठ्या अक्षरांवर हलेल, पट्ट्याच्या आत राहील, इतकाच गेन ठेवा. इथे 'नेहमीच्या आवाजात' ही अट मोठी लबाड आहे. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो. १९११ मध्ये लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. मी शांत पहाटे गेन लावला आणि दुपारी मोटारी चालू असताना बोलले तर काटा पट्ट्याबाहेर. आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांच्या कानात आपला कचरा जातो. म्हणून ज्या वेळी बोलणार, त्याच वेळी लावा. कॉम्प्रेसर सगळ्यात शेवटी, थोडासा. जास्त दिला तर दोन शब्दांमधल्या जागेत घरघरच वर येते.

आवाजात कुरकुर असेल तर कारणं वेगळी करा. ताकद कमी करून बघा. कुरकुर गेली तर अँटेनाची ऊर्जा माइकच्या वायरीत शिरतेय. वायर फेराइटच्या कड्यातून फिरवा, अँटेना लांब न्या. ताकद कमी करूनही गुणगुण राहिली तर रेडिओ बॅटरीवर चालवा. थांबली तर दोष घरातल्या विजेच्या बाजूचा.

आता खरी गंमत. सगळं बदलल्यावर मी विचारलं, "आवाज कसा येतोय?" सगळे म्हणाले, "पाच-नऊ, एकदम झकास!" आदल्या दिवशीही हेच म्हणाले होते. हा मोजमापाचा आकडा नव्हे, ही सभ्यता आहे. तुमच्या प्रश्नावलीतही 'आवडलं का?' विचारलंत तर हेच होईल.

म्हणून मी शब्दांची यादी केली: सात, आठ, साठ, सहा, दहा, वीस, तीस, पाच. प्रत्येकाच्या बऱ्याच चिठ्ठ्या केल्या आणि आईला एकेक काढायला लावली, म्हणजे क्रम माझ्या हातात नको. दुसऱ्या गावातल्या मित्राने फक्त ऐकलं ते लिहायचं, मत द्यायचं नाही. आज कुठली मांडणी आहे हे त्याला सांगितलं नाही. लघुलहरींवर सिग्नल मिनिटामिनिटाला चढतो-उतरतो, म्हणून आधी जुनी सगळी आणि मग नवी सगळी असं केलं नाही. जुनी, नवी, नवी, जुनी अशा फेऱ्या घेतल्या. नाहीतर हवेतला बदल माझ्या गोधडीच्या नावावर जमा झाला असता.

तिसऱ्या फेरीत आई वैतागली. "अगं, सारखं सात-साठ काय लावलंयस? पलीकडचा बहिरा हाय का?"

निघालं ते असं: जुन्या मांडणीत सात-आठची अदलाबदल वारंवार होत होती, नव्या मांडणीत ती क्वचितच झाली. साठ-आठ पूर्ण गेलं नाही. सहा-दहा तर जवळपास तसंच राहिलं, कारण तिथे सगळी भिस्त पहिल्या व्यंजनावर आहे. ऐकणारा एकच होता आणि तोही माझा आवाज ओळखणारा, तेव्हा यावरून मोठा दावा करू नका. मीही करत नाही.

मित्राच्या वहीत दोन ओळी कोऱ्या होत्या. तेव्हा केमच्या फाटकाजवळून गाडी गेली होती आणि मी थांबले नव्हते. त्या ओळी मी मोजणीत धरल्या, 'चूक' म्हणून. नवा माइक अजून घेतलेला नाही. निरोपातला आकडा मात्र आता सुटा सुटा आणि दोनदा सांगते.