विश्लेषण : सावळ्या बोटावर ऑक्सिमीटर का चुकतो?

करोनाच्या साथीत घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर आजही अनेकांच्या औषधांच्या डब्यात आहे. मात्र त्यावरचा आकडा सर्वांसाठी सारखाच विश्वासार्ह नसतो. त्याचे एक कारण त्वचेतील मेलॅनिन.

मेलॅनिन काय करते?

मेलॅनोसाइट पेशी हे रंगद्रव्य तयार करतात. गोऱ्या आणि सावळ्या व्यक्तींत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात. सूर्याची अतिनील किरणे शोषून मेलॅनिन पेशींतील डीएनएचे रक्षण करते. त्यामुळे गडद त्वचेत उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगाचा धोका कमी असतो.

ऑक्सिमीटरशी संबंध काय?

हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडते. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. त्यावरून रक्तातील ऑक्सिजनचा अंदाज बांधला जातो. पण मेलॅनिनही प्रकाश शोषते. परिणामी गडद त्वचेवर आकडा प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकतो.

फरक किती पडतो?

मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकी रुग्णांची माहिती मांडली. यंत्रावर ९२ ते ९६ टक्के दिसत असताना धमनीतील रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन ८८ टक्क्यांहून कमी निघाला, असे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गोऱ्यांत ३.६ टक्के होते. म्हणजे रुग्ण धोक्यात असूनही यंत्र ‘ठीक’ सांगत होते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये याबाबत सावध केले. जानेवारी २०२५ मध्ये चाचण्यांत त्वचेच्या विविध छटांचे अधिक लोक घेण्याचा मसुदा मांडला.

आपण काय काळजी घ्यावी?

भारतीयांच्या त्वचेतही अनेक गडद छटा असल्याने ही माहिती आपल्याही कामाची. यंत्र टाकून देण्याची गरज नाही. नेलपॉलिश काढून, हात उबदार ठेवून, शांत बसून मोजावे. एकाच आकड्यावर विसंबू नये. आकडा हळूहळू घसरतो आहे का, ते पाहावे. गडद त्वचेवर निळसरपणा चटकन दिसत नाही, म्हणून जीभ आणि ओठांची आतली बाजू तपासावी.

धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा रुग्ण गोंधळल्यासारखा वागत असेल, तर आकडा चांगला दिसला तरी थांबू नये. लगेच डॉक्टर गाठावा.